लाईट गेली की फिश टँकचं काय करायचं, आणि आल्यावर काय करायचं नाही

सगळ्यात आधी एक सांगतो, लाईट गेल्या गेल्या धावपळ करू नका. फिल्टर बंद पडला, बुडबुडे थांबले आणि टँक एकदम गप्प झाला की आपल्याच छातीत धडधडायला लागतं, पण मासे बेताचे असतील तर तीन-चार तास काहीही न करता आरामात निघतात. माझे मासे लाईट गेल्यामुळे मेले नव्हते, लाईट आल्यामुळे मेले होते, ते पुढे सांगतोच, कारण माझ्या ओळखीत दोघा-तिघांनी नंतर अगदी तेच केलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं तेव्हा मी माणगावजवळ गावी राहायचो. घराचे पत्रे उडाले, वाडीतली अर्धी झाडं आडवी, पोल वाकलेले, डीपीचं तर नावच काढू नका. आमच्याकडे नऊ दिवस लाईट नव्हती, आणि आमचं नशीब बरं म्हणायचं, पलीकडच्या गावांत त्याहून जास्त दिवस लागले. हॉलमधे तीन फुटी टँक, साधारण १४० लिटर पाणी, आत चार एंजल, सहा विडो टेट्रा, दोन गौरामी, दोन सकर. त्या नऊ दिवसांत एकही मासा मेला नाही, आणि इन्व्हर्टर वगैरे काही नव्हतं हां घरात.

आता मुळात मासा कशाने मरतो ते बघा. लोकांना वाटतं फिल्टर बंद म्हणजे पाणी घाण होणार आणि मासे मरणार. पाणी घाण व्हायला दिवस लागतात, त्याआधी ऑक्सिजन संपतो. आणि ऑक्सिजन पाण्यात येतो तो वरच्या पृष्ठभागातून, जिथे पाणी आणि हवा एकमेकांना लागतात तिथून. एअर पंपाचे बुडबुडे दिसतात छान, पण त्यांचं खरं काम खालचं पाणी वर ओढून पृष्ठभाग हलवत ठेवायचं. पंप बंद झाला की वरचा थर तेवढा ठीक राहतो, खालचं पाणी खालीच पडून राहतं आणि तळाला ऑक्सिजन कमी व्हायला लागतो. म्हणून मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. म्हणजे लाईट गेल्यावर आपलं काम एकच, ते वरचं पाणी या ना त्या मार्गाने हलवत ठेवायचं, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट गरमीची. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तेच ३० डिग्रीला साडेसातवर येतो. आणि गंमत अशी की पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन उलट जास्त लागतो, १० डिग्री वाढली की गरज जवळपास दुप्पट. पुरवठा कमी मागणी जास्त. त्यामुळे मे महिन्यात दुपारी दोन वाजता गेलेली लाईट आणि डिसेंबरात रात्री गेलेली लाईट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मे मधे तुमच्याकडे निम्मा वेळ आहे असं समजून चाला.

कुठला मासा आधी जाणार हे पण माहीत पाहिजे. गोल्डफिश दिसायला गरीब पण ऑक्सिजनला हावरट, त्यात आपल्याकडे दीड फुटाच्या टँकमधे सहा गोल्डफिश भरायची पद्धत, ते टँक तासा-दीड तासात अडचणीत येतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असले मोठे मासे पण तसेच. फायटर आणि गौरामी मात्र बिनधास्त असतात कारण त्यांना वर येऊन सरळ हवा घेता येते, तसा अवयवच असतो त्यांना डोक्यात. सकर आणि कोरी पण अधूनमधून हवेचा घोट घेऊन वेळ काढतात. त्यामुळे फायटर वर आला म्हणून घाबरू नका, तो एरवी पण येतो. एंजल किंवा टेट्रा सगळेच्या सगळे वर येऊन ओळीने तोंड उघडझाप करायला लागले आणि गिल्स म्हणजे कल्ले भराभर हलताना दिसले की समजायचं वेळ झाली.

तर लाईट गेली की पहिलं काम म्हणजे खायला घालणं बंद. एकदम बंद. मोठा मासा आठवडाभर न खाता सहज राहतो, आणि खाल्लं की पचवायला ऑक्सिजन लागतो, शी केली की अमोनिया होतो, आणि तो अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तर बंद पडलेल्या फिल्टरमधे अडकलेत. आमच्याकडे आई तिसऱ्या दिवशी म्हणायला लागली अरे ती उपाशी आहेत, दोन दाणे टाक. मी डबाच कपाटावर ठेवून दिला. अगदी लहान पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना चिमूटभर लागतं, पण चिमूट म्हणजे खरंच चिमूट.

दुसरं, टँकचं झाकण काढा, हुड काढा, हवा खेळू दे. पण उघडा ठेवला की मासे उडी मारतात आणि घरात मांजर असेल तर विचारायलाच नको, म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वरून ताणून चिमटे लावा. मोबाईलचा टॉर्च मारून सारखं बघत बसू नका, अंधारात अचानक उजेड पडला की मासे दचकून सैरावैरा पळतात आणि पळण्यात पण ऑक्सिजन जातो. झाडं लावलेला टँक असेल तर लक्षात ठेवा, अंधारात झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात, त्यामुळे माझ्याकडे भरपूर झाडं आहेत मला काय काळजी असं रात्री तरी म्हणू नका. दिवसा लाईट गेली असेल तर खिडकीचा पडदा सरकवा, थोडा उजेड येऊ दे, थेट ऊन मात्र नको.

मग दोनेक तासांनी मग. बाथरूमचा प्लास्टिकचा मग, साबण न लागलेला, नाहीतर स्वयंपाकघरातली स्टीलची तपेली घ्या. टँकमधलंच पाणी भरायचं आणि वीतभर उंचीवरून परत टँकमधे ओतायचं, चहावाला चहा वर-खाली करतो ना तसं, पण जरा हळू आणि एका कोपऱ्यात, माशांच्या डोक्यावर नाही. पाच मिनिटं असं केलं की अर्धा तास बघायचं नाही. मासे कमी असतील तर तासाला एकदा पण पुरतं. हा मग शक्यतो तळाकडे नेऊन भरा, वरवरचं पाणी वरच ओतून उपयोग नाही, खालचं वर आणायचंय. पण वाळू ढवळू नका, तळातली घाण वर आली की ती कुजताना राहिलेला ऑक्सिजन पण खाऊन टाकते.

दिवसा हे चालतं, रात्री कोण बसणार. दुसऱ्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो, आणि डुलकी लागून हातातला मगच टँकमधे पडला. तेव्हा आई म्हणाली, अरे अभिषेकपात्र लाव की. म्हटलं काय? तर म्हणे महादेवावर रात्रभर धार चालू असते, कोण बसतं का तिथे मग घेऊन? खरंच सांगतो, इतक्या दिवसांत ऐकलेली ही सगळ्यात कामाची आयडिया. ती देवघरातून तांब्याचं अभिषेकपात्र घेऊनच आली होती, ते मात्र मी परत नेऊन ठेवलं, कारण तांबं पाण्यात उतरलं की माशांना बाधतं, आणि टँकमधे झिंगे किंवा गोगलगाय असेल तर अगदी थोडं तांबं पण त्यांना पुरे होतं. त्याऐवजी पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार घेतला, टँकच्या शेजारी कपाटावर ठेवला, त्यात टँकमधलंच पाणी भरलं आणि एअर पंपाचीच नळी सायफनसारखी लावून दुसरं टोक टँकच्या वर वीतभर उंच बांधलं. नळीला एक ढिली गाठ मारायची म्हणजे धार बारीक होते, गाठ आवळली की धार कमी, सैल केली की जास्त, एका जारला तासभर सहज जातो. नुसते थेंब पडून उपयोग नाही, बारीक का होईना धार पाहिजे आणि ती उंचावरून पडून पाण्यात थोडा खळखळाट झाला पाहिजे. मेडिकलमधे सलाईनचा सेट मिळतो, त्याला छान चाक असतं धार कमीजास्त करायला, पण त्यातून पाणी फार हळू येतं, मोठ्या टँकला ते पुरत नाही. तेलाचा रिकामा कॅन चुकून पण वापरू नका, कितीही धुतला तरी तेलाचा तवंग येतो आणि तवंग म्हणजे पृष्ठभागावर झाकणच.

मी आणि पुतण्याने पाळ्या लावल्या, रात्री दर दीड-दोन तासांनी एक जण उठून जार भरायचा. तो तेव्हा दहावीला जाणार होता, त्याला बिचाऱ्याला मोबाईल पण नव्हता त्या दिवसांत कारण रेंजच गेली होती, त्यामुळे त्याने जारवर पेनाने खुणा करून किती मिनिटांत किती पाणी जातं त्याचा तक्ता बनवला. नवव्या दिवसापर्यंत त्याला गाठ बघून कळायचं की हा जार पन्नास मिनिटं चालणार.

मासे खूपच जास्त असतील तर अजून एक सोपं काम करता येतं, अर्धे मासे दुसऱ्या पसरट भांड्यात हलवा. कपडे भिजवायचा मोठा टब असतो ना, तो, पण नवीन किंवा साबण कधीच न लागलेला. उंच टँकपेक्षा पसरट टबाचा पृष्ठभाग जास्त असतो, आणि मासे वाटले गेले की दोन्हीकडे श्वासाला जागा. टँकमधलंच पाणी टबात घ्यायचं. टँकची पातळी त्यामुळे खाली गेली तर हीटरचं आणि फिल्टरचं बटण आधी बंद करा, लाईट अचानक आली आणि हीटर हवेत उघडा पडलेला असला तर काच तडकते.

मधेच एक महत्त्वाचं, हे कोणी सांगत नाही. लाईट गेली की पंखा बंद, मग डास, मग घरात कोणीतरी डासांची अगरबत्ती लावतं, आणि हॉलमधेच लावतं. त्या कॉइलमधे जे औषध असतं ते आपल्याला फार काही करत नाही पण माशांना जबरदस्त विषारी असतं. त्यात तुम्ही बॅटरीवरचा एअर पंप लावला असेल तर तो खोलीतला तोच धूर ओढून नळीतून थेट पाण्यात सोडणार. कॉइल लावायचीच तर दुसऱ्या खोलीत, दार लावून. फवारा तर नकोच नको.

आता फिल्टरकडे या, आणि इथेच माझं चुकलं. फिल्टरमधला स्पंज आणि ते सिरॅमिकचे तुकडे यांच्यावर बॅक्टेरिया बसलेले असतात, तेच अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करतात, टँक खरा चालतो तो त्यांच्यावर. त्यांना पण ऑक्सिजन लागतो. वाहतं पाणी थांबलं की बंद डब्यातला ऑक्सिजन ते काही तासांत संपवतात आणि मग मरायला लागतात, आणि मग त्या डब्यात दुसरेच, बिनऑक्सिजनवाले बॅक्टेरिया माजतात. टँकमधे नुसता उभा स्पंज फिल्टर असेल तर काही करू नका, तो पाण्यातच आहे. हँग ऑन फिल्टर, म्हणजे टँकच्या काठाला अडकवतात तो, वरून उघडा असतो, तो पण बरा. त्रास आहे तो कॅनिस्टरचा, म्हणजे खाली कपाटात ठेवतो तो बंद डबा. चार तासांत लाईट येणार नाही असं वाटलं की कॅनिस्टरच्या दोन्ही कॉक बंद करा, डबा उघडा, आतलं पाणी फेकून द्या, आणि स्पंज, सिरॅमिक बाहेर काढून कांद्या-बटाट्याची जाळीची पिशवी असते ना त्यात भरून टँकमधेच वरच्या बाजूला लटकवा. धार पडते तिथेच लटकवलीत तर उत्तमच. ते जमत नसेल तर पसरट ताटात ओलं ठेवा, वर टँकमधलं पाणी शिंपडत राहा, ओलं पण हवेवर असलं की बॅक्टेरिया बंद डब्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. नळाखाली धुवायचं नाही, क्लोरीनने उरलेसुरले पण जातील.

लाईट दोन-तीन दिवस नसेल तर पाणी बदलावं लागणार. सोसायटीत लाईट नाही म्हणजे मोटर नाही म्हणजे पाणी नाही, त्यामुळे एक-दोन बादल्या शिळं पाणी कायम भरून ठेवायची सवय बरी. नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर अँटी क्लोरीनचे थेंब. आमच्याकडे विहीर होती, आमच्या विहिरीला क्लोरीनची भानगड नव्हती, पण खोल विहिरीचं पाणी गार असतं आणि त्यात ऑक्सिजन पण कमी असू शकतो, म्हणून काढल्यावर एका बादलीतून दुसऱ्या बादलीत दहा-बारा वेळा ओतायचं, तासभर हॉलमधे ठेवायचं, मग टँकमधे. मी एक दिवसाआड दोन बादल्या म्हणजे साधारण पाचवा हिस्सा बदलत होतो. पत्र्यावरून आलेलं पावसाचं पाणी फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका, पत्र्याचा गंज, पक्ष्यांची शिट, सगळं त्यात येतं.

तापमानाचं थोडक्यात. आपल्याकडे थंडीपेक्षा गरमीची काळजी जास्त, विदर्भात तर काय बोलायलाच नको. झाकण काढून पुठ्ठ्याने पाण्यावर वारा घाला, त्याने दोनेक डिग्री उतरते आणि पृष्ठभाग पण हलतो, एका दगडात दोन पक्षी. फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या असतील तर बूच घट्ट लावून एकेक सोडा, सुटा बर्फ टाकू नका, आणि एकदम पाच डिग्री खाली आणायचा पराक्रम करू नका. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत हीटर बंद पडला तर टँकच्या तीन बाजूंना गोधडी किंवा थर्माकोल गुंडाळा, वरची बाजू मोकळी ठेवून. मोठा टँक गार व्हायला बराच वेळ घेतो, रात्र निघून जाते. लहान काचेच्या बाउलच्या मात्र मागे लागावं लागतं.

ही झाली हातघाईची गोष्ट. आता बॅकअपचं बघू, कारण दर वेळी कोण जार भरत बसणार.

सगळ्यात स्वस्त आणि कामाचा म्हणजे यूएसबीवरचा छोटा एअर पंप, एक-दीड वॉट खातो. १०००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ३७ वॉट-अवर, त्यातले हाताला २७-२८ लागतात, म्हणजे दीड वॉटचा पंप १८ तासांच्या आसपास आणि एक वॉटचा त्याहून जास्त चालतो. फक्त एक अडचण आहे, काही पॉवर बँकांना करंट फार कमी ओढला जातोय असं दिसलं की मोबाईल फुल झाला असं समजून त्या आपोआप बंद होतात. म्हणून आणल्या दिवशीच लावून रात्रभर चालवून बघा, ऐन वेळी कळून उपयोग नाही. सेलवर चालणारे पंप पण मिळतात, मासे पकडायला जाणारे लोक वापरतात तसले, मोठे जाड सेल लागतात त्याला. ते सेल पंपात घालून ठेवू नका, वर्षभराने उघडाल तर आत हिरवा-पांढरा चिकटा. बाजूला पिशवीत ठेवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्यावर सगळा टँक नका टाकू. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, खरं दोन तृतीयांश धरा. त्यावर फक्त ५ वॉटचा एअर पंप लावलात तर दिवस-दीड दिवस सहज जाईल, इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरून. तेच १०० वॉटचा हीटर लावलात तर रात्रीत बॅटरी झोपली. म्हणून एअर पंपासाठी वेगळा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, वायरमनला सांगितलं की अर्ध्या तासाचं काम. स्क्वेअर वेव्हवाला जुना इन्व्हर्टर असेल तर पंप आणि फिल्टरची मोटर गुणगुणते आणि गरम होते, थोडा वेळ ठीक आहे, दिवसभर नको.

आणि एक दहा-वीस रुपयांची वस्तू, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा. एअर पंप टँकच्या पातळीच्या खाली ठेवलेला असतो ना बऱ्याच जणांचा, कपाटात किंवा खाली जमिनीवर. लाईट गेली की हवेचा दाब थांबतो आणि टँकचं पाणी उलटं नळीतून पंपात उतरायला लागतं, सायफन सुरू होतो. माझ्याकडे पूर्वी एकदा असंच पंपातून पाणी थेट एक्स्टेंशन बोर्डात गेलं होतं, सकाळी बोर्डाखाली लादीवर वाटीभर पाणी आणि वरचं बटण चालू. त्या रात्री लाईट परत आली असती तर काय झालं असतं ते मी अजून घरात सांगितलेलं नाही. व्हॉल्व्ह नळीच्या मधे लावायचा, आणि लावायच्या आधी तोंडाने फुंकून बघायचं, ज्या बाजूने फुंकल्यावर हवा पलीकडे जाते ती बाजू पंपाकडे, दुसरी टँककडे. नाहीतर पंप सरळ टँकपेक्षा उंच फळीवर ठेवा. आणि सगळ्या वायरी बोर्डाला जोडायच्या आधी खाली एक झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी ओघळलंच तर झोळातून खाली टपकेल, बोर्डात जाणार नाही.

मुंबईवाल्यांना हे सगळं वाचून हसू येतं, आमच्याकडे लाईट जात नाही म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड बसली आणि लोकलसकट सगळं बंद पडलं तेव्हा घाटकोपरच्या मावसभावाचा मला फोन, अरे फ्लॉवरहॉर्न वर येतोय काय करू. घरात मेणबत्ती पण नव्हती त्यांच्या. त्याला म्हटलं मग घे आणि ओतत बस, त्याने दुपारपर्यंत तेच केलं, दंड भरून आले पण मासा वाचला. पुण्यात आता मी राहतो तिथे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते हे आधीच माहीत असतं, तेव्हा बुधवारी रात्री खायला घालायचं नाही आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवायची, संपलं.

तर आता माझ्या चुकीची गोष्ट. नवव्या दिवशी संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला लाईट आली. वाडीतून एकदम आली आली म्हणून ओरडा झाला, कोणीतरी फटाका पण लावला. मी अंगणात होतो, धावत आत आलो आणि आनंदाच्या भरात टँकच्या बोर्डाचं बटण दाबलं. नऊ दिवस मी धार बघितली, पाणी बदललं, पुतण्याचे तक्ते वाचले, आणि कपाटात बंद पडलेला कॅनिस्टर माझ्या डोक्यातच नव्हता. मोटर घुर्र करून सुरू झाली आणि पाईपमधून आधी हवा आणि मग काळपट पाणी आलं, कुजक्या अंड्याचा वास. मी बटण बंद केलं तोपर्यंत वीस-पंचवीस सेकंद गेली असतील. तेवढी पुरली. नऊ दिवस त्या डब्यात जे कुजलं होतं ते सगळं टँकमधे आलं होतं. टँकचं निम्मं पाणी काढलं, विहिरीवरून बादल्या आणल्या, पुतण्या आणि मी रात्री अकरापर्यंत धावत होतो. सकाळी चौदातले अकरा मासे गेलेले. दोन्ही गौरामी आणि एक सकर तेवढे राहिले, हवा घेणारे.

म्हणून लाईट आली की आधी हात खिशात घाला. दहा मिनिटं थांबा, सुरुवातीला व्होल्टेज खालीवर होतं आणि बऱ्याचदा लाईट परत जाते. मग फक्त एअर पंप चालू करा. कॅनिस्टर बंद होता आणि उघडला नव्हता, असं चार-पाच तासांपेक्षा जास्त झालं असेल तर तो टँकपासून सोडवून बाथरूममधे न्या, आतलं पाणी मोरीत ओता, वास घ्या. वास नसेल तर टँकच्याच पाण्याने स्पंज हलकेच पिळून परत लावा. वास असेल तर स्पंज आणि सिरॅमिक टँकच्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून घ्या, पाईपातलं साचलेलं पाणी पण बादलीत सोडून द्या, हे पाईप सगळे विसरतात, आणि फिल्टर नवीन आहे असं धरून पुढचे दोन आठवडे सांभाळून घ्या. हँग ऑन फिल्टर असेल तर त्याच्या डब्यात आधी मगभर पाणी ओता, बऱ्याच फिल्टरची मोटर कोरडी पडली की नुसती खडखडते, पाणी उचलत नाही, आणि आपल्याला वाटतं चालू आहे. हीटर पाण्यात पूर्ण बुडालाय बघून मगच लावा.

खायला लगेच घालू नका, दुसऱ्या दिवशी एकदा अगदी थोडं, पुढचे तीन-चार दिवस निम्मं. अमोनियाचं टेस्ट किट असेल तर रोज एकदा बघा, नसेल तर पाव टँक पाणी एक दिवसाआड बदला, पाच-सहा दिवस. मेलेला मासा दिसला की लगेच काढा, झाडामागे, दगडाखाली पण शोधा, एखादा गायब असेल तर तो कुठेतरी कुजतोय. दुकानात ऑक्सिजनच्या गोळ्या मिळतात त्याबद्दल लोक विचारतात, अगदीच सगळे मासे आडवे व्हायला लागले तर पाकिटावर लिहिलंय तेवढीच टाकावी, जास्त टाकली की पाण्याचं गणित बिघडतं, मी तरी मगावरच विश्वास ठेवतो.

आता माझ्याकडे कॅनिस्टर नाही, दोन स्पंज फिल्टर आहेत, एकाला यूएसबी पंप कायमचा जोडलेला. आणि १४० लिटरमधे चौदाऐवजी नऊच मासे ठेवलेत, बॅकअपवर पैसे घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

हां, टाईमर राहिलाच. टँकच्या लाईटला तो फिरत्या तबकडीवाला टाईमर असेल तर लाईट गेलेली असताना त्याचं घड्याळ पण थांबलेलं असतं, सहा तास लाईट नव्हती तर तो सहा तास मागे, तेवढा पुढे फिरवून घ्या. मी नाही फिरवला एका गुरुवारी, तर संध्याकाळी टँकमधे भर दुपार आणि मध्यरात्री बायको मला उठवून विचारतेय, हॉलमधे लाईट लावून कोण बसलंय?